पाव फेरा

गाडी बंद पडली आहे हे मला शेजारच्या स्कूटरवाल्यानं सांगितलं. सिग्नल सुटला होता, मी मूठ पिळत होतो, क्लच सोडत होतो, गाडी जागची हलत नव्हती, आणि मागे जे हॉर्न वाजत होते ते माझ्याच नावानं आहेत हे माझ्या गावीही नव्हतं. त्यानं माझ्या खांद्याला बोट लावलं आणि म्हणाला, "काका, बंद आहे." काका म्हणे. माझ्याहून फार तर पाच वर्षांनी लहान असेल, डोक्यावर केस नाहीत, आणि मी काका. मी गाडी ढकलत कडेला घेतली, स्टँडवर चढवली आणि तिच्याकडे बघत उभा राहिलो. इंजिनाचं काम करून घेतल्यापासून ही सातवी वेळ. काम करायच्या आधी गाडी धूर सोडायची, तेल प्यायची, चढावर कुरकुरायची, पण चालायची. आता धूर नाही, तेल पीत नाही, नव्या रिंगा, नवे वॉल्व्ह, सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं, आणि गाडी चालत नाही. म्हणजे दुखणं बरं झालं आणि माणूस गेला. माझ्या आयुष्यात ज्या ज्या गोष्टी मी दुरुस्त करायला दिल्या त्या सगळ्यांचं हेच झालेलं आहे, पण ते सांगत बसलो तर दिवस पुरणार नाही.

बरं, खोड तरी सरळ असावी. सकाळी थंड असताना एका किकमध्ये सुरू होते. वीस मिनिटं अशी पळते की मला वाटतं, उगाच बिचाऱ्या मिस्त्रीला शिव्या घातल्या. मग तापते, आणि तापली की तिचा जीव जायला लागतो. मूठ सोडली की फुर्र करून गप्प. किक मारावी तर पाय लोण्यात गेल्यासारखा खाली जातो, दम म्हणून नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबा, कडेला उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चेहऱ्यावरची कीव बघा, की पुन्हा सुरू. मी काय करायचं शिल्लक ठेवलं? प्लग बदलला. तो काळा नव्हता, ओला नव्हता, तरी बदलला. कार्बोरेटर उघडून त्याची भोकं सुईनं साफ केली. पेट्रोल काढून नवीन भरलं, टाकीच्या झाकणाच्या छिद्रात फुंकर मारली, एअर फिल्टर झटकला. आमच्या खात्यातल्या एकानं कॉइल म्हटलं, कॉइल बदलली. दुसऱ्यानं गाडी विका म्हटलं, त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. आणि दर वेळी शेवटी मी मिस्त्रीच्या नावानं बोटं मोडली. चांगला माणूस समजत होतो. पंधरा वर्षं दुसऱ्या कुणाला गाडीला हात लावू दिला नाही. पण एवढं मोठं काम करून गाडी हातात दिली त्या शनिवारी संध्याकाळी, घराच्या आवारात मी इंजिन चालू ठेवून कान दिला, तर आत टिकटिक येत होती.

कान हा माझा पोटापाण्याचा विषय आहे. मी कपबशांच्या कारखान्यात आहे. भट्टीतून निघालेला माल माझ्यासमोर येतो, डाव्या हातात कप धरायचा, उजव्या हातातल्या लाकडी काडीनं त्याला टिचकी मारायची, आवाज ऐकायचा. खणखणीत असेल तर पुढे, बद्द वाजला तर टोपलीत. डोळ्यांना न दिसणारा तडा, केसाहून बारीक, आवाजात लपत नाही. दिवसाला हजार-बाराशे नग. सत्तावीस वर्षं. कारखान्यात मला नावानं कुणी हाक मारत नाही, 'कान' म्हणतात. "कानाला विचारा," "कान आज रजेवर आहे," असं चालतं. हा गुण माझ्या आईकडून आला. आईचे कान अजून, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, इतके तिखट आहेत की आमच्या दोन खोल्यांच्या घरात नवराबायकोला कुजबुजण्याचीही सोय नाही. तर अशा माणसाला मिस्त्री म्हणाला, आवाज नाही. मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, नवीन काम आहे, पाचशे किलोमीटर चालवा, बसेल. बसेल! मी घरी आलो, मोठा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनाच्या डोक्यावर टेकवलं आणि मूठ कानात घट्ट दाबून धरली, जुने कारागीर धरतात तशी. उजव्या हाताला पाना लागणार म्हणून डाव्या हातानं, डाव्या कानाला. आणि काय सांगू, ती टिकटिक अशी स्वच्छ ऐकू आली की मला मिस्त्रीची लाज वाटली. टॅपेट सैल राहिलं होतं. वॉल्व्हला ढकलणाऱ्या त्या दांड्याशी एक बारीक फट ठेवायची असते. ती फार झाली की वाजते, एवढं मलाही कळतं. मी झाकण उघडलं, नट सैल केला, स्क्रू पाव फेरा आत घेतला. फट मोजायचं गेज नव्हतं माझ्याकडे, पण कान होता ना. टिकटिक थोडी कमी झाल्यासारखी वाटली. दुसऱ्या रविवारी पुन्हा आली, पुन्हा पाव फेरा. मग आणखी एकदा. मिस्त्रीला हे सांगितलं नाही. त्याचं काम मी निस्तरतोय हे त्याला सांगून त्याचा पाणउतारा कशाला करा, अशी माझी तेव्हा उदार भावना होती.

हे सगळं मी सहन केलं असतं. गाडी बंद पडते, पडो. पण तिच्या मागची जागा रिकामी झाली होती, आणि त्यापुढे माझं डोकं चालत नव्हतं. एकोणीस वर्षं बायको रोज सकाळी माझ्या मागे बसून गेली. ती एका मोठ्या तपासणी केंद्रात आहे, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काचपट्ट्या बघते. तिला तिथे सोडून मी कारखान्यात, संध्याकाळी तिला घेऊन घरी. पंचवीस मिनिटं जायची, पंचवीस यायची. आमचा जो काही संसार आहे तो या पन्नास मिनिटांत झालेला आहे, कारण घरात आई असते, आणि आईला भिंतीपलीकडून उसासासुद्धा कळतो. मग बायको सगळं गाडीवर बोलायची. डाव्या खांद्यावर हनुवटी टेकल्यासारखी करून, रस्ताभर. केंद्रातल्या भांडणांपासून ते आईनं डब्याला काय नाव ठेवलं इथपर्यंत. कधी रडायचीही, माझ्या पाठीला, कारण पाठीला डोळे नसतात. मी ऐकायचो. निदान मी ऐकतो असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. तीन आठवड्यांपूर्वी एका गुरुवारी, मोठ्या पुलाच्या ऐन मध्यावर, गाडी पहिल्यांदा बंद पडली. ती काही तरी सांगत होती, बराच वेळ, हळू, थांबत थांबत. वारा होता, ट्रक होते, आणि माझं सगळं लक्ष त्या टिकटिकीकडे होतं. ती थांबली तेव्हा काही तरी म्हणायला हवं म्हणून मी "असू दे" म्हटलं. आई आदल्या दिवशी तिच्यावर भांड्यावरून चिडली होती, तेच असणार. त्यानंतर मिनिटभरात इंजिनानं मान टाकली. मी उतरलो, प्लग काढून पुसत बसलो. ती कठड्यापाशी उभी राहिली, मग "मी बसनं जाते" एवढं म्हणून चालायला लागली. दुसऱ्या दिवशीही बस. तिसऱ्या दिवशीही. मी संध्याकाळी घ्यायला येतो म्हटलं तर नको म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली. गाडीनं भर पुलावर तोंडघशी पाडलं, बायकोमाणसाला चालत जावं लागलं, राग येणारच. गाडी ठीक झाली की ती मागे बसेल. तेवढ्यासाठी मी सगळे रविवार काळे हात करून घेतले. सकाळी तिला बसथांब्याकडे वळताना बघायचो आणि पाठ थंड पडायची. खोटं सांगत नाही, शर्टातून वारा लागायचा.

तर त्या सातव्या वेळी, सिग्नलच्या कडेला, माझं डोकं सटकलं. कारखान्यात अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि गाडी थंड व्हायची वाट न बघता ढकलत मिस्त्रीकडे नेली. रस्ताभर भाषण तयार करत होतो. पंधरा वर्षं, विश्वास, वगैरे. मिस्त्रीनं ते शांतपणे ऐकून घेतलं. तो कमी बोलतो. हात पुसले, किक एकदा हातानं दाबून बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि दुसरं काहीही न तपासता सरळ टॅपेटचं झाकण उघडलं. गेजची पट्टी फटीत घालायला गेला, जाईना. त्याच्याहून पातळ घेतली, तीही नाही. सगळ्यात पातळ, कागदासारखी, तीसुद्धा नाही. फट उरलेलीच नव्हती. त्यानं मला समजावून सांगितलं, न रागावता, आणि त्यामुळे जास्त लागलं. इंजिन तापलं की लोखंड फुगतं. फट नसेल तर वॉल्व्ह पुरता मिटत नाही, उघडाच राहतो, आणि सगळा दम तिथून निघून जातो. थंड झालं की पुन्हा मिटतो. आणखी महिनाभर अशी चालवली असती तर वॉल्व्ह जळला असता. मग त्यानं विचारलं, हात कुणी लावला. मी आधी कानावर हात ठेवले. मग सांगितलं. म्हटलं, आवाज होता म्हणून लावला, तुम्हाला ऐकू येत नव्हता, मला येत होता.

"कसला आवाज?"

"टिकटिक."

तो पट्टी पुसायची थांबला. "टकटक म्हणायचंय तुम्हाला."

"टकटक नाही. टिकटिक. बारीक."

"साहेब, टॅपेट टकटक करतं. पिस्टन ठकठक करतो, चेन खडखडते. टिकटिक करणारं इंजिन मी अजून उघडलेलं नाही. टिकटिक घड्याळ करतं."

मला हसू आलं नाही. त्यानं फट बरोबर केली, पट्टी आतबाहेर सरकवून दाखवली, झाकणं लावली, गाडी सुरू केली. इंजिनाचा आवाज मला समजत होता, गोल, भरीव. आणि त्याच्यावर, डावीकडे, टिकटिक टिकटिक. तशीच. तो म्हणाला, आता? मी वाकून स्क्रू-ड्रायव्हर मागितला, डाव्या कानात मूठ दाबून इंजिनावर टेकवला. वाढली. त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि पुन्हा म्हणाला, आता? सगळीकडे शांत होतं. त्याच्या दुकानातला पंखासुद्धा बंद होता. मी बंद इंजिनावर टेकलेला स्क्रू-ड्रायव्हर धरून वाकलेलाच राहिलो, आणि माझ्या डाव्या कानात ती चालू होती, न चुकता, माझ्या छातीतल्या ठोक्यांबरोबर. "गेला आवाज," मी म्हटलं. मिस्त्री माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, पुन्हा पाना घेऊ नका हातात.

गाडी घेऊन मी निघालो खरा, पण जायचं कुठे ते ठरवायला एक अख्खा रस्ता लागला. आधी आला तो राग. स्वतःचा. इतका संताप की मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं शिवी हासडली, आणि तीसुद्धा मला एकाच बाजूनं ऐकू आली. मग एकेक आठवायला लागलं. कारखान्यात गेल्या वर्षी मी स्टूल फिरवून घेतलं होतं, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून. उजेड कसला, तेव्हापासून मी कप डाव्या हातात धरून शरीर वळवून उजव्या कानापाशी आणतो. वरिष्ठ म्हणाले होते, "कान आता ऐटीत बसतो." घरात जेवताना मी जागा बदलली, भिंतीला डावा खांदा लागेल अशी. रात्री कूस बदलली. शरीरानं आपापली सोय करून घेतली आणि मला पत्ता लागू दिला नाही, घरातल्या माणसांनी मिळून एखादी वाईट बातमी लपवावी तसं. कारखान्यात कळलं तर काय होईल याचा विचार मी दोनदा सुरू केला आणि दोन्ही वेळा सोडून दिला. कारण त्याच्या आधी दुसरं होतं. डावा खांदा. वर्षभर, कदाचित दोन वर्षं, ती त्या खांद्यावर बोलत होती, आणि मी काय काय ऐकलं होतं? मी आठवून बघितलं. आवाजाचा चढउतार आठवत होता. तिच्या तोंडाची ऊब मानेला लागायची ती आठवत होती. शब्द म्हणून एक आठवेना. ती थांबली की मी हं म्हणायचो, बरं म्हणायचो, बघू म्हणायचो. अशा किती गोष्टी मी बघू म्हणून सोडून दिल्या असतील. गाडीनं तिला पुलावर तोंडघशी पाडलं म्हणून ती बसनं जात नव्हती. ती भिंतीशी बोलून कंटाळली होती. एवढं सरळ होतं, आणि मी तीन आठवडे कार्बोरेटरची भोकं साफ करत होतो.

मग ठरवलं. सांगून टाकायचं. तिचं केंद्र पाच वाजता सुटतं, मी पावणेपाचलाच फाटकासमोर जाऊन उभा राहिलो, इंजिन चालू ठेवून, तापलं तरी बंद पडत नाही हे तिला दिसावं म्हणून. वाक्यं जुळवत होतो. माझा डावा कान गेलाय. तू जे बोललीस ते मला ऐकू आलेलं नाही. रागावू नकोस, पुन्हा सांग, सगळं सांग, उजवीकडून सांग. हे शेवटचं जरा विनोदी वाटत होतं, पण ती हसली असती. एकोणीस वर्षांत मी तिला आपण होऊन कुठली उणीव सांगितली नव्हती. तिला कदाचित आवडलं असतं ते. मला तर इतकं हलकं वाटत होतं की मी फाटकावरच्या पहारेकऱ्याला उगाचच वेळ विचारली.

ती बाहेर आली, मला बघितलं आणि थबकली. मग हळूहळू आली, पण मागे न जाता समोर येऊन उभी राहिली, पर्स दोन्ही हातांनी धरून. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती माझ्या डोळ्यांत बघत होती. गाडी ठीक झाली, मी म्हटलं, आता बंद पडणार नाही. तिनं मान हलवली.

"गाडीसाठी नव्हते मी बसनं जात," ती म्हणाली. "तुम्हाला माहितीये."

मी म्हटलं, हो, मला एक सांगायचंय. ती म्हणाली, आधी मला बोलू द्या, नाही तर पुन्हा जमणार नाही. मी इंजिन बंद केलं.

"सोळा वर्षं मी ते पोटात घेऊन होते. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून पाठीला सांगितलं. वाटलं होतं, तुम्ही गाडी थांबवाल आणि मला तिथेच उतरवाल. आणि तुम्ही असू दे म्हणालात. नुसतं असू दे. मग गाडी थांबली, मला वाटलं, आता. तर तुम्ही प्लग पुसत बसलात."

माझ्या हातातली चावी मला जाणवत होती, तिचे दाते.

"एवढं ऐकून जो माणूस प्लग पुसतो," ती म्हणाली, "तो दगड असेल नाही तर फार मोठा असेल. तीन आठवडे बसमध्ये मी तेच ठरवत होते. तुम्ही घरात एक शब्द काढला नाहीत. टोमणा नाही, काही नाही. उलट रविवारभर गाडी नीट करत होतात, मी बसावं म्हणून. दगड असं नाही करत." तिनं पर्स छातीशी धरली. "मनापासून म्हणालात ना? एकदा तोंडावर सांगा. पुन्हा मी तो विषय काढणार नाही."

सोळा वर्षांपूर्वी. माझं डोकं धावत सुटलं. ती चार महिने प्रशिक्षणासाठी दुसऱ्या गावी होती, तेव्हाचं? की त्याच्या नंतरचं, तिचा गर्भ पडला आणि डॉक्टरीणबाई काही नीट सांगेनात तेव्हाचं? की तेव्हा आमच्याकडे राहणाऱ्या माझ्या भावाचं? की पैशांचं, आईचं, काहीतरी अगदी साधं, जे फक्त तिलाच डोंगराएवढं वाटत होतं? मला विचारायचं होतं. जन्मात कधी काही विचारावंसं वाटलं नव्हतं इतकं विचारायचं होतं. आणि माझ्याजवळ वाक्य तयार होतं, रस्ताभर घोटलेलं, मला ऐकू आलेलं नाही. ते उच्चारलं की हा चेहरा, जो तीन आठवडे घासून घासून तिनं माझ्यासाठी लख्ख केला होता, तो पुन्हा मिटणार होता. आणि मग तिला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं असतं, या वेळी समोरासमोर, आणि या वेळी मी ऐकलं असतं. ऐकून मी असू दे म्हणालो असतो का, हे मला माहीत नव्हतं. माणूस म्हणून मला तेवढंच एक माहीत असायला हवं होतं, आणि तेच माहीत नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "मनापासून."

तिनं डोळे पुसले. मग पर्स खांद्यावर सरकवली, माझ्या खांद्याला धरून मागे बसली, आणि तिचा भार गाडीवर आला तसे मागचे स्प्रिंग दबले. मी किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली. रस्त्याला लागलो, आणि थोड्या अंतरावर तिनं हनुवटी माझ्या डाव्या खांद्यावर टेकवली आणि बोलायला लागली. भराभर बोलत होती, मधे हसतही असावी, कारण तिचं अंग माझ्या पाठीला हलत होतं. तिला काय हवं ते बोलू दे. आता मला बहिरं होता येणार नव्हतं, कारखान्यात कळलं तरी घरात नाही, कधीच नाही. ज्या दिवशी मला ऐकू येत नाही हे तिला कळेल, त्या दिवशी तिला पूलही आठवेल. मी डावा हात हँडलवरून काढला, आरशाची कांडी थोडी आत वळवली आणि तिचे ओठ दिसतील असा तो लावून घेतला. मागून येणाऱ्या गाड्या त्यात दिसेनाशा झाल्या.